शिंपल्यांपाशी कोण बसलं होतं?

प्रदर्शनाला सहा आठवडे उरले होते आणि माझ्या टेबलावर एक लाकडी पेटी होती. दिसायला सुरेख. आत बारा कप्पे, कप्प्यांत वापरून टाकलेल्या वस्तू: दोऱ्याची रिळं, बाटल्यांची झाकणं, फळ्यांचे तुकडे. मुलांनी त्यातून हवं ते करावं, अशी कल्पना. मास्टर्सचा शेवटचा प्रकल्प.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये मी मुलांच्या संस्कृतीसाठीचं डिझाइन शिकत होते. घरी मात्र 'खेळण्यांचा कोर्स' असंच सांगायचे, कारण खरं नाव घेतलं की प्रश्न संपायचे नाहीत. खेळणी त्यात असतातच, पण पुस्तकं, बागा, हॉस्पिटलातली वाट बघायची खोली, संग्रहालयातला मुलांचा कोपरा हेही असतं. मूल जिथे जिथे वावरतं, ते सगळं.

प्रकल्पासोबत निबंध लिहावा लागतो आणि निबंधात थोडा इतिहास. तो दोन दिवसांत उरकायचा म्हणून मी बसले, आणि तिथेच अडकले.

टाकाऊ वस्तूंच्या खेळाचा इतिहास लिहायचा तर कोपनहेगनला जावंच लागतं. कार्ल थिओडोर सोरेन्सन हा डॅनिश उद्यानरचनाकार. आखीवरेखीव बागा करणाऱ्या या माणसाच्या लक्षात आलं की मुलं त्या बागा सोडून बांधकामाच्या ढिगाऱ्यांवर खेळतात. मग ढिगाराच द्यावा की मुलांना, असं त्यानं १९३१ च्या पुस्तकात सुचवलं. प्रत्यक्षात यायला १९४३ उजाडलं. डेन्मार्क तेव्हा जर्मन फौजांच्या ताब्यात होता. शहराच्या एम्ड्रप भागात कामगारांच्या सहकारी वसाहतीला लागून एक मोकळी जागा मिळाली. भोवती मातीचा बांध, आत फळ्या, विटा, जुनी चाकं, खिळे, हातोड्या. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. मुलांनी घरं बांधली, पाडली, पुन्हा बांधली. आपण केलेल्या कामांत ही जागा सगळ्यात कुरूप आणि तरीही सगळ्यात चांगली, असं सोरेन्सन पुढे म्हणायचा.

१९४६ साली ब्रिटनच्या लेडी अॅलन यांनी ती पाहिली आणि बॉम्बहल्ल्यांनी मोकळ्या पडलेल्या लंडनच्या जागांवर तसंच काही करा म्हणून त्या मागे लागल्या. 'अॅडव्हेंचर प्लेग्राउंड' हा शब्द तिथून रुळला.

हे सगळं मी टिपून घेतलं होतं, वस्तूंची तर यादीच केली होती. जॉन बर्टेल्सनला मात्र एकच ओळ दिली. हा आधी खलाशी होता, मग बालवाडीचा शिक्षक झाला आणि एम्ड्रपचा पहिला खेळप्रमुख. मी मुलांना काही शिकवणार नाही, असं तो बजावून सांगायचा.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी तिला एम्ड्रपची गोष्ट रंगवून सांगितली. माझी आई डहाणूजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संध्याकाळी हातोड्या मोजून कोण ठेवायचं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तर माझ्या टिपणांत होतं, त्या एका ओळीत.

मग मी वाचायला हवं होतं ते वाचलं, आणि ते आमच्याच तालुक्यातलं होतं. एम्ड्रपनंतर दोनच वर्षांनी, १९४५ साली, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबत पस्तिशीच्या अनुताई वाघ, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. माँटेसोरीची साधनं महाग, आणि खेड्यातल्या मुलांना परकी. म्हणून त्यांनी शिंपल्या, बिया, पानं, खडे घेतले. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांत.

शाळेत असताना आम्हाला कोसबाडला सहलीला नेलं होतं. शिंपल्यांची कौतुकं तेव्हाही ऐकली. डिझाइनची माणसं (मीसुद्धा) अशा गोष्टीवर भाळतात: बघा, पैसे नसताना काय कल्पकता! पण शिंपल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर ताराबाईंच्या आधीही होत्या. आधी नव्हतं ते एवढंच, की कुणीतरी रोज येऊन मुलांची नखं कापायचं, त्यांना आंघोळ घालायचं आणि मग शिंपल्या मांडून शेजारी बसायचं. एम्ड्रपचंही तसंच. फळ्या फुकट मिळत होत्या. बर्टेल्सन फुकट नव्हता. लेडी अॅलनही सांगत राहिल्या की जाणता मोठा माणूस नसेल तर ही जागा चालत नाही. भंगाराची कल्पना उचलणाऱ्या अनेकांनी नेमकं तेवढंच सोडलं, कारण खर्च तिथेच होता.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. नाव पोचलं, अंगण पोचलं. तिथे बसणारी बाई मात्र कागदावर कर्मचारी झाली नाही, 'मानसेवी' राहिली. तिला पगार नसतो, मानधन असतं. आईच्या संघटनेचे मोर्चे मी लहानपणापासून पाहतेय. आझाद मैदानावरून ती परत यायची तेव्हा घसा बसलेला असायचा आणि दुसऱ्या दिवशी गाणी म्हणायची मदतनीस. हे सगळं माझ्या घरातलं, आणि मी बारा कप्प्यांची पेटी घासत बसले होते, जिच्याशेजारी कुणीच बसलेलं नव्हतं.

पेटी मी बाजूला ठेवली. पुढचे चार आठवडे रोज आईला फोन करून तिचा एक दिवस उतरवून घेतला. कुठली वस्तू कोण काढतं, कोण धुतं, कोण मोजतं, कितीदा उठावं लागतं, मोबाइलवर माहिती भरताना मुलांकडे कोण बघतं. ते सगळं सहा मीटर लांब कापडावर काढलं. त्यात खेळाच्या वस्तू बारीक रेषेत, आईच्या हालचाली जाड रेषेत. खाली बर्टेल्सनची आणि अनुताईंची माहिती, या वेळी एका ओळीपेक्षा जास्त.

परीक्षकांनी विचारलं, यात तुम्ही डिझाइन काय केलंत? मी म्हणाले, मी एक नोकरी काढून दाखवली आहे. पुढे बराच वेळ वाद झाला, तो चांगला होता. पास झाले. अगदी खरं सांगायचं तर मार्गदर्शकांना पेटीच जास्त आवडली होती.

कापडाचा फोटो मी आईला पाठवला. तिनं तो मोठा करून करून पाहिला असणार, कारण उत्तर यायला अर्धा तास लागला. झाडण्याच्या आधी पाणी भरते मी, तू उलटं काढलंयस, असं तिनं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडायच्या आत जाऊन मी ते पेन्सिलीनं दुरुस्त केलं.