पर्वतीवरून पाहिलेली लढाई

१. पर्वतीवरून : ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी पुण्याच्या पर्वती टेकडीवरून पाहिली. त्यांची फौज इंग्रजांच्या कित्येक पट होती. सेनापती बापू गोखल्यांचे घोडदळ भरधाव निघाले ते वाटेतल्या दलदलीत रुतले आणि पेशव्यांचे सरदार मोर दीक्षित धारातीर्थी पडले. तरी या एका पराभवाने राज्य बुडाले नसते. खरा घात पुढे झाला. १६ तारखेच्या रात्री बाजीरावांनी पुणे सोडले, दुसऱ्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. धनीच पळाल्यावर शिपायाने कोणासाठी मरायचे? गोखले मात्र फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीला लढताना पडले. त्यांना पळपुट्यांच्या पंगतीत बसवणे हा शुद्ध अन्याय आहे. जूनमध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर बिठूरला गेले.