सौंदडहून प्रार्थनेला

गोंदियाकडच्या सौंदडच्या फलाटावर या. मोबाइल घरीच ठेवा, १९४० च्या सुमारास तो कुणाच्या कामाचा नाही. नॅरोगेजची गाडी धापा टाकत येतेय, चढा. बाकावर धानाचं पोतं, पोत्यावर टोपलीतली कोंबडी आणि उरलेल्या वीतभर जागेत तुम्ही. इंजिनातली कोळशाची कणी डोळ्यात जाईल. चोळू नका, जास्तच झोंबेल. "कोठं चाल्ले गा, वर्धेले?" समोरचा म्हातारा विचारतो आणि उत्तराची वाट न बघता बिडी पेटवतो.

गोंदियाला गाडी बदला. वर्ध्याला उतरलात की पाच मैल काळ्या मातीची धूळ तुडवायची. घामाला ती अशी चिकटते की सेवाग्रामात पोचेपर्यंत धोतराचा मूळ रंग सांगता येणार नाही.

जेवण दिवसाउजेडी असतं. उकडलेली भाजी आणि कडुनिंबाची चटणी. तुमच्या झाडीपट्टीतल्या तिखटावर वाढलेली जीभ बंड करील, पण गिळा. इथे ताटात टाकून उठायची सोय नाही.

आता संध्याकाळच्या प्रार्थनेला मैदानात बसा. खडे टोचतात, गोठ्याचा आणि घामेजलेल्या खादीचा वास एकत्र येतो, डास कानाशी गुणगुणतात. एकीकडे गुजराती, एकीकडे तमिळ, मागे वऱ्हाडी. कुठेतरी एक पोर रडतंय. गांधीजी येऊन बसतात आणि गलका आपोआप ओसरतो.

संस्कृत श्लोक ओळखीचे वाटतात. मग अरबी सुरू होतं. दचकू नका. हा अल-फातिहा, कुराणातला पहिला अध्याय, म्हणजे सुरा. सातच आयती, म्हणजे वचनं. आश्रमाला ही सुरा गांधीजींच्या अनुयायी रेहाना तय्यबजींनी शिकवली. इथून जवळच पवनारला विनोबाही अरबी घोकून कुराण मुळातून वाचताहेत.

ओठ हलवून बघा. घशाच्या तळातून येणारा 'ह' काही जमत नाही ना? शेजारच्या विदर्भी गृहस्थालाही जमलेला नाही, पण त्याचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे.

आता नीट ऐका. सुरुवातीला देवाविषयी बोलणं चाललंय. तो साऱ्या जगांचा पालनकर्ता, कृपाळू, दयाळू, निवाड्याच्या दिवसाचा धनी. बिस्मिल्ला पहिली आयत धरली तर इथवर चार झाल्या. पाचवीला बोलणारा एकदम देवाकडे तोंड करतो. भक्ती तुझीच, मदतही तुझ्याकडेच, असं समोरासमोर सांगून मोकळा होतो. आतापर्यंत लांब असलेला 'तो' डोळ्यांपुढचा 'तू' होऊन बसतो. सगळी सुरा या एका वळणावर तोललेली आहे. आधीचं स्तवन, नंतरचं मागणं.

तुमच्याकडे मालगुजारापुढे उभं राहिलेलं कूळ हेच करतं, आधी गुणगान, मग काम. फरक इतकाच, की त्याला बोडीचं, म्हणजे तळ्याचं पाणी हवं असतं. इथे धान नाही, पाऊस नाही, मुलाबाळांची खुशालीसुद्धा नाही. मागायची ती फक्त सरळ वाट. आणि सातवी, सगळ्यात लांब आयत ती वाट कुठली ते सांगते. ज्यांच्यावर कृपा झाली त्यांची. रोष ओढवून घेणाऱ्यांची नको, भरकटलेल्यांचीही नको.

मागणारा एकटा नाही हेही लक्षात आलं असेल. सगळं 'आम्ही'तच चाललंय. एकट्याने नमाज पढणाराही ही सुरा म्हणताना 'आम्ही'च म्हणतो. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक नमाजांत मिळून ती दिवसाला १७ वेळा येते, म्हणून कुराण फारसं न वाचलेल्या मुसलमानालाही ती तोंडपाठ असते. इथे तर त्या 'आम्ही'त गीता पाठ असलेलेही बसलेत आणि कुणी हरकत घेतलेली दिसत नाही. तुम्ही घेणार आहात का? मग घसा साफ करा, शेवटचा 'आमीन' तरी नीट म्हणा.

पाठोपाठ रामधून. टाळ्यांचा ठेका धरताना मघाचा डास मानेवर चावतो आणि एक टाळी तिथे बसते. शेजारचे गृहस्थ रागाने बघतात. आश्रमात अहिंसा आहे, विसरलात वाटतं.