विजया मेहता आणि ‘पुरुष’मधला सिद्धार्थ

१९६० साली ‘रंगायन’ उभारणाऱ्या विजया मेहतांनी ब्रेख्तची मोलकरीण मराठी रंगमंचावर आणली, दूरचित्रवाणीसाठी ‘स्मृतिचित्रे’ केले. ते श्रेय निर्विवाद. श्रीपूरला मुलांपुढे मी प्रश्न ठेवतो तो १९८२च्या ‘पुरुष’चा. जयवंत दळवींच्या या नाटकात पुढारी अंबिकेवर बलात्कार करतो आणि तिचा प्रियकर, दलित कार्यकर्ता सिद्धार्थ, साथ सोडतो. दलित पुरुषही पुरुषच, हे आपल्या आयाबहिणींनी केव्हाच सांगितले आहे. पण १९८३ साली तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मध्ये बायकोला मारणारा दलित कवी आला. प्रस्थापित रंगभूमीला आमचा तरुण सापडला तो असा! दत्ता भगतांच्या ‘वाटा पळवाटा’त मात्र दलित प्राध्यापक, काका आणि तरुण कार्यकर्ता आपसांत भांडतात, तिथे एकट्यावर साऱ्या समाजाचा भार नाही.