अवतरणचिन्हांपूर्वीचे अवतरण

कोलकात्यात १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी मराठीचेही अध्यापन करीत; पंडित वैजनाथ शर्मा हे त्यांचे साहाय्यक होते. त्यांच्या परिश्रमातून श्रीरामपूरच्या छापखान्यात सिद्ध झालेली ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) व ‘हितोपदेश’ (१८१५) ही मोडी लिपीतील पुस्तके अवतरणाच्या इतिहासात विचारार्ह ठरतात. मोडी लेखनपरंपरेत विरामचिन्हे नव्हती. शब्दही सलग लिहिले जात. या दोन्ही ग्रंथांची रचना मात्र उक्तीत उक्ती गुंफणारी आहे : पुतळी भोजाला कथा सांगते, त्या कथेत विक्रम बोलतो, विष्णुशर्म्याच्या कथांतील पशुपक्षी पूर्वसूरींची सुभाषिते उद्धृत करतात.

अशा लेखनात उक्तीची सीमा ‘असे’, ‘म्हणून’ यांसारखे शब्द दर्शवीत. संस्कृतातील ‘इति’ व साधु बंगालीतील ‘बलिया’ यांचे कार्यही तेच. हे शब्द उक्तीचा शेवट दाखवितात. आरंभ पुष्कळदा वाचकाने ताडावयाचा असतो. मेजर थॉमस कँडी यांच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तिकेनंतर दोन्ही टोके चिन्हांकित करण्याची प्रथा मराठीत रूढ होत गेली.

म्हणूनच जुना उतारा उद्धृत करताना संशोधकाने घातलेले अवतरणचिन्ह हा केवळ मुद्रणसंस्कार नसतो. कोण बोलते आहे, याविषयीचा तो निर्णय असतो. निवेदकाचे वाक्य पात्राच्या मुखी गेले, तर त्यावर उभारलेली तुलनाही डळमळते. असे चिन्ह आपले आहे, मूळ ग्रंथाचे नव्हे, हे नमूद करणे अगत्याचे आहे.