पाककृती सोबत नेता येते, थंडी नेता येत नाही

आजचा विषय आहे हॅम आणि बेकन, आणि तेही परमुलखात राहून घरी खारवलेलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ताटात हा पदार्थ येत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. हरकत नाही. आपल्याला त्याच्याकडून फक्त एक गोष्ट समजून घ्यायची आहे : माणूस देश सोडतो तेव्हा सोबत काय नेतो, आणि काय मागेच राहतं?

आधी पदार्थ पाहू. हॅम म्हणजे डुकराची मागची अख्खी मांडी. बेकन म्हणजे पोटाचा किंवा पाठीचा पट्टा. दोन्ही मिठात मुरवायचे, वाळवायचे, हवं तर धूर द्यायचा. रोमन लेखक कातो यानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटी ही कृती आहे. मांड्या मिठाच्या थरांत रांजणात रचा. पाच दिवसांनी वरच्या खाली करा. बारा दिवसांनी काढून वाऱ्यावर टांगा, तेल चोळून दोन दिवस धुरात ठेवा, मग तेल आणि व्हिनेगर लावून कोठारात टांगा. दिवस मोजून दिलेत, क्रम दिलाय. पण हे काम कोणत्या ऋतूत करायचं, त्याबद्दल एक अक्षर नाही!

का नाही? कारण सांगायची गरजच नव्हती. युरोपात घरचं डुक्कर कापायचे ते थंडीच्या तोंडावर. स्पेनमध्ये तर ११ नोव्हेंबरचा सेंट मार्टिनचा दिवस म्हणजे डुकराचा काळ, अशी म्हणच आहे. उन्हाळ्यात हे काम कोण करणार?

आता यामागचं कारण बघा. मीठ मांसात अगदी सावकाश शिरतं. अख्ख्या मांडीत हाडापर्यंत पोहोचायला त्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर आतल्या मांसाला राखतं कोण? थंडी. हवा उबदार असेल तर बाहेरून मांडी छान खारवलेली दिसते आणि आत हाडापाशी सडायला लागलेली असते. म्हणजे कृतीतला सगळ्यात महत्त्वाचा घटक कृतीत लिहिलेलाच नाही. तो घराबाहेर, हवेत आहे.

हा न लिहिलेला घटक पहिल्यांदा कोणाला कळतो? देश सोडणाऱ्याला.

इंग्रज १६०७ मध्ये व्हर्जिनियात उतरले. तिथला उन्हाळा इंग्लंडपेक्षा कितीतरी कडक, पण हिवाळा थंड. त्यामुळे हिवाळ्यात मीठ लावायचं, धूर द्यायचा आणि उन्हाळ्यात टांगून मुरवायचं, अशी रीत बसली. स्मिथफील्ड गावाच्या हॅमचं तर पुढं इतकं नाव झालं, की ते नाव कोणी वापरायचं याचा १९२६ मध्ये व्हर्जिनियात कायदाच झाला. इथं कृती जगली, कारण थंडी तिथं आधीच हजर होती.

आता आपल्या किनाऱ्यावर या. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्या डोंगराळ मुलखात मांड्या थंड, कोरड्या वाऱ्यावर वाळतात. गोव्यात डिसेंबरची रात्रसुद्धा २० अंशांच्या आसपास, आणि हवा दमट. अख्खी मांडी तिथं टिकवणार कशी? मग काय टिकलं? चोरिस, म्हणजे गोव्याचं सॉसेज. मांसाचे लहान तुकडे केले की मीठ लवकर आत पोहोचतं. त्यात माडाच्या सुरीचं व्हिनेगर, लसूण आणि अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची. वर कडक ऊन आणि धूर. पाऊस लागण्याआधी घर भरून ठेवायच्या पुरुमेंताच्या सामानात या माळा आल्या. थंडीनं जे काम केलं असतं, ते इथं आंबटपणानं, उन्हानं आणि सुरीच्या पात्यानं वाटून घेतलं. याला आम्ही नक्कल म्हणणार नाही. हे उत्तर आहे.

इंग्रजांची गोष्ट जरा गमतीची. मांस खारवताना मिठाबरोबर चिमूटभर सोरा घालायची युरोपात रीत होती. त्यानं मांस लालसर राहतं. हा सोरा ब्रिटनला मुख्यतः बिहारमधून जायचा. नोनिया लोक तो मातीतून काढत, आणि प्लासीनंतर कंपनीनं त्याचा मक्ता मिळवला. बहुतेक सोरा बंदुकीच्या दारूत गेला, थोडा बेकनमध्ये. म्हणजे इंग्लंडच्या बेकनला रंग बिहारच्या मातीचा, आणि मद्रासच्या साहेबाला मात्र घरी हॅम करता येईना! पंजाबच्या हिवाळ्यात किंवा डोंगरावर जमलं तर जमलं. एरवी बोटीनं आलेला डबा. पोर्तुगीजांच्या वस्तीनं पदार्थ बदलला, साहेबानं पुरवठा मागवला. जो राहायला येतो आणि जो परत जायच्या बोलीवर येतो, त्यांच्यातला फरक स्वयंपाकघरात असा दिसतो.

इथं नुसत्या चवीचा प्रश्न नाही. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावी एका अंत्यविधीनंतर बँडवाल्यांनी कच्चं खारवलेलं हॅम खाल्लं आणि तीन जण दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्याच हॅममधून बोट्युलिझमचा जंतू शोधून काढला. महिना डिसेंबरचा होता, हे लक्षात घ्या. नुसती थंडीही पुरत नाही. मीठ, थंडी आणि वेळ, तिघांचा मेळ लागतो. सोऱ्यापासून मांसातच नायट्राइट तयार होतं आणि ते या जंतूला आवर घालतं, हा उलगडा तर नंतरचा. रंगासाठी म्हणून पाळलेली रीत जीव वाचवत होती. पाळणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.

मायकेल पोलान्यी यांनी अव्यक्त ज्ञानाचा विचार मांडला. ते ज्ञान माणसाच्या हातात असतं, असं आपण सहसा समजतो. हॅमचा इतिहास सांगतो, की काही ज्ञान हातातही नसतं. ते ऋतूत असतं. गाव सोडलं की ते तिथंच राहतं, आणि आपल्याला वाटतं, वहीत सगळं लिहून आणलंय.

आज परदेशात घरी बेकन करणारा फ्रिजमध्ये, चार अंशांच्या खाली, स्वतःपुरता हिवाळा तयार करतो आणि नायट्राइटचं मीठ वजन करून घालतो. तसं करायलाच हवं, त्यात अंदाजपंचे चालत नाही. आणि उलट बाजूही बघा. टोरांटोत चोरिस करायला बसलेल्या गोवेकराला थंडी फुकट मिळते, पण वैशाखाचं ऊन कुठून आणणार? तिकडं कुरडया घालणाऱ्या आपल्या लेकीसुनांची अडचण हीच.

तेव्हा आजीची वही उघडाल तेव्हा तिनं काय लिहिलंय ते वाचाच. पण तिच्या अंगणात तेव्हा हवा कशी होती, तेही विचारा.