उद्यापनाविना नेम : वसा, मोक्षपट आणि सवयीचे खेळ

दिल्लीतील करोल बागेचे गफ्फार मार्केट मोबाइलच्या खरेदी-विक्रीसाठी आणि दुरुस्तीसाठी प्रसिद्ध आहे. पाणी पिण्यापासून परभाषा शिकण्यापर्यंतच्या सवयी खेळाच्या रूपाने लावू पाहणारी ॲप्स आज अशा कोणत्याही मोबाइलवर सहज उतरवता येतात. याच करोल बागेच्या सराफी वस्तीत सांगली-सातारा भागातून आलेले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. नेम, वसा, उद्यापन ही त्यांच्या मातृभाषेतील दैनंदिन आचरणाची जुनी परिभाषा होय. रोजच्या वागण्याला कथेची वा खेळाची चौकट देण्याचे दोन दूरच्या काळांतील प्रयत्न अशा रीतीने एकाच वस्तीत शेजारी येतात. त्यांची तुलना करताना एक प्रश्न मध्यवर्ती ठरतो : नेम मोडला असता ही चौकट त्या माणसाचे काय करते?

मराठी परंपरेतील पहिली चौकट कथेची आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात एखादा नेम धरला जातो आणि शेवटी त्याचे उद्यापन होते. श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांनी याच आचाराला कथारूप दिले. आदित्यराणूबाईच्या कहाणीत गरीब ब्राह्मणाला रानात वसा मिळतो, तोही उतणार-मातणार नाही आणि घेतलेला वसा टाकणार नाही या अटीवर. पुढे त्याच्या दोन मुलींपैकी एक कहाणी ऐकायला थांबते आणि दुसरी थांबत नाही. न थांबणारीच्या वाट्याला दैन्य येते. मात्र कथा तेथे संपत नाही. ती वसा घेते आणि गेलेले वैभव परत येते. अवहेलना, पतन, पुनःस्वीकार आणि साफल्य असा हा रचनाबंध आहे. पतन हा त्यातील मधला टप्पा असून शेवट नव्हे, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

दुसरी चौकट पटाची आहे. मोक्षपटाचे जनकत्व लोकश्रुती ज्ञानेश्वरांकडे देते, परंतु त्याला समकालीन पुरावा नाही. जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९मध्ये कोपनहेगन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात पश्चिम भारतातील अशा पटांचा अभ्यास अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संदर्भात केला आहे. याच कुळातील ज्ञानचौपडीचे वैष्णव पट बहुधा ७२ घरांचे, तर जैन पट ८४ घरांचे आढळतात. जन्मापासून मोक्षापर्यंतच्या या प्रवासात षड्रिपूंसारखे दोष सापांच्या आणि सत्संग, दया यांसारखे गुण शिड्यांच्या वाट्याला येतात. प्रत्येक घराला नाव असल्यामुळे पट ही वाचायची संहिताही ठरते. खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य मात्र नसते. कवड्यांचे दान पडेल तसे त्याला जावे लागते. त्यामुळे मोक्षपट सदाचरण घडवतो असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यातून घडू शकणारी सवय वेगळी आहे, ती म्हणजे आपण कोठे घसरलो आणि कशाने सावरलो याला नाव देण्याची. येथेही साप खेळाडूला खाली आणतो, पण खेळाबाहेर काढत नाही.

१८९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागला तेव्हा मोक्षाची जागा व्हिक्टोरियन नीतिकल्पनांनी घेतली. कालांतराने नीतिवचनेही मागे पडली आणि एक ते शंभर एवढे आकडे उरले. खेळाचा सांगाडा टिकला, संहिता मात्र पुसली गेली. भाषांतराच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या आशयक्षयाचे हे ठळक उदाहरण होय.

आजचे सवयीचे खेळ आकड्यांच्या या पटाचे वारस शोभतात, परंतु एका बाबतीत ते त्याच्याही पुढे गेले आहेत. त्यांत दान नाही. गुण मिळतो तो खेळणाऱ्याच्या प्रत्यक्ष कृतीला, आणि हे त्यांचे खरे बळ आहे. २०१३मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘हॅबिटिका’ या नावाने ओळखल्या गेलेल्या खेळात रोजची कामे केली की पात्राची पातळी वाढते. ‘ड्युओलिंगो’मध्ये सलग दिवसांची मोजदाद होते. एक दिवस चुकला की साखळी शून्यावर येते. ती वाचवायची असल्यास खेळातील चलन खर्चून आधीच सवलत घेऊन ठेवता येते. वशात जे पुनःस्वीकाराने साधत होते, ते येथे खरेदीने साधते.

संशोधनाचा कौल या रचनेला पूर्णतः अनुकूल नाही. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९६ जणांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास लागणारा काळ व्यक्तीगणिक १८ ते २५४ दिवस इतका भिन्न आढळला. त्याचा मध्यक ६६ दिवसांचा होता. एखादी संधी हुकल्याने या प्रक्रियेला लक्षणीय बाधा आली नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३च्या प्रयोगात, बक्षीस मिळणार हे आधी सांगून ज्या मुलांकडून चित्रे काढून घेतली, त्यांची चित्रे काढण्याची स्वाभाविक ओढ नंतर कमी झाली. चुकलेला दिवस शून्याच्या योग्यतेचा नसतो आणि बक्षीस नेहमीच प्रेरणा वाढवत नाही, असा याचा आशय आहे.

यावरून जुन्या रचना आदर्श होत्या असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कहाणीही वैभवाचे आमिष दाखवते आणि वशाचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर टाकते. तिच्यातील पतनाच्या मागे दैवी कोपाचे भयही उभे असते. तथापि त्या रचनांना शेवट ठाऊक होता. वशाला उद्यापन होते, पटाला मोक्षाचे घर होते. सलग दिवस मोजणाऱ्या साखळीला असे घर नाही. सवय लागली म्हणजे खेळाची गरज संपावी, परंतु खेळणारा रोज परत येण्यावरच ज्याचा व्यवसाय उभा आहे, त्या खेळाला ही समाप्ती परवडत नाही. सवय लावण्याचे साधन अशा वेळी स्वतःच सवय होऊन बसते. म्हणून अशा खेळांची पारख ते किती दिवस खेळवतात यापेक्षा घसरलेल्याला ते परत कसे घेतात आणि नेम अंगी मुरल्यावर त्याला कसा निरोप देतात, यावरून होणे अधिक उचित आहे.