शेत, शाळा आणि एकसष्टावे मूल

दिवाळीच्या सुटीत घरोघरी पोरांचा गलबला ऐकला, की माझ्या मनात नेहमी एक विचार येतो : सुटी संपल्यावर ही सारी शाळेत मावणार कशी? हा प्रश्न काही आजचा नव्हे. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे आढळतात.

पहिले उत्तर १९३८ चे. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. खेड्यांत शाळा नाहीत आणि सरकारजवळ पैसा नाही. तेव्हा गावातल्या जमीनवाल्यांनीच वर्षाला दोनशे रुपये उत्पन्न देईल एवढी जमीन शाळेला द्यावी आणि त्यावर शाळा चालावी, अशी ती कल्पना. देवळाला इनाम मिळे, तसेच हे शाळेला! ‘मंदिर’ या शब्दावरून मुसलमान समाजाने विरोध केला. पुढे १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

मला मात्र वाटते, खरी मेख नावात नव्हती, हिशेबात होती. दान दिलेले शेत पहिल्या दिवशी जेवढे, तेवढेच पुढेही राहते. मुले मात्र वाढत जातात. शिवाय ज्या गावाजवळ द्यायला जमीनच नाही, त्याने काय करावे?

दुसरे उत्तर याच मातीतल्या माणसाच्या हातून आले. पुसद तालुक्यातील गहुलीच्या बंजारा कुटुंबात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६० साली लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्ष झाले. समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. विदर्भातील जनपद सभा गेल्या. प्राथमिक शाळा परिषदेकडे आल्या. जमीनमहसुलाच्या रुपयामागे वीस पैसे उपकर आणि वर सरकारी अनुदान, अशी तिच्या खर्चाची तजवीज झाली. म्हणजे शाळा एकट्या गावाच्या दानतीवर राहिली नाही. साऱ्या जिल्ह्याची थैली एक झाली. सधन गावच्या पैशातून एखाद्या तांड्यावर खोली उभी राहू शकेल, ही वाट त्यामुळे मोकळी झाली.

२०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने तर हिशेबच लिहून दिला. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन. आणि दर शिक्षकामागे एक खोली. म्हणजे एकसष्टावे मूल दारात उभे राहिले, की तिसऱ्या खोलीचा हक्क घेऊनच येते!

हक्क त्याच दिवशी येतो. खोली मात्र प्रस्ताव, मंजुरी, निधी असे मुक्काम करीत येते. तोवर दोन वर्ग एका फळ्यापुढे बसतात, नाहीतर व्हरांड्यात. म्हणून पटावरची मुले मोजून भागत नाही. गावातल्या अंगणांत रांगणारीही आजच मोजली पाहिजेत. पाच-सहा वर्षांनी शाळेत कोण येणार, हे अंगणवाडीच्या वहीत आधीच लिहिलेले असते. ती वही वेळेवर उघडण्याला पैसे लागत नाहीत. खोलीला एक वर्ष उशीर झाला तर ती पुढच्या वर्षी बांधता येते; पोराचे पहिलीचे वर्ष मात्र पुन्हा येत नाही.